बेळगावात पहिला पगार अडकला तेव्हा

जूनमध्ये बेळगावला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर म्हणून लागलो. मी बार्शीचा, इथे ओळखीचं कुणीच नाही. अनगोळला रूम दोन दिवसांत मिळाली, जॉइनिंगचे कागद एका दुपारी झाले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडकलो ते सॅलरी अकाउंटला, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

कंपनीला ठराविक बँकेतच खातं पाहिजे होतं आणि माझ्या आधारवर पत्ता बार्शीचा. काउंटरवरचे साहेब म्हणाले भाडेकरार आणा. ठीक आहे, कोर्टाजवळ जाऊन ई-स्टॅम्पवर ११ महिन्यांचा करार केला, नोटरी केली, घरमालकीण काकू गुडघे दुखत असताना सहीला आल्या. घेऊन गेलो तर म्हणे आता मालकाचं लाईट बिल पण पाहिजे. हेस्कॉमचं, म्हणजे इथल्या वीज कंपनीचं, बिल अजून काकूंच्या सासऱ्यांच्या नावावर, ते वारून १२ वर्षं झाली, मग म्हणे नाव जुळत नाही. तिसऱ्यांदा गेलो तर साहेब रजेवर, शेजारच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "नाळे बर्री." म्हणजे उद्या या. उद्या गेलो तर करार रजिस्टर केलेला नाही म्हणून सगळी फाईल परत. अहो, मग पहिल्याच दिवशी काय काय लागतं ते एका कागदावर लिहून द्यायला काय हरकत होती? दर वेळी माझी अर्धा दिवस रजा गेली, कारण दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद आणि नेमके तेच आमचे सुट्टीचे शनिवार. इकडे पगाराची तारीख उलटून गेली, खिशात घरून आणलेले साडेतीन हजार, आणि आईला फोनवर "सगळं छान चाललंय" सांगताना घसा भरून यायचा. काकू रोज विचारायच्या, "आज तरी झालं काय रे बाळा?"

पैसे नव्हते म्हणून गाव पायीच बघितलं. तिसऱ्या रेल्वे गेटपासून काँग्रेस रोडने सरळ चालत सुटायचं. १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदलेली काँग्रेस विहीर तिथेच टिळकवाडीत आहे, गांधीजी अध्यक्ष होते असं हे एकच अधिवेशन. बँकेतून परत पाठवलं त्या दिवशी मी किल्ल्यात गेलो, १२०४ सालची कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, बघितली, छतातलं ते दगडी कमळ बघत बराच वेळ बसलो आणि डोकं जरा शांत झालं. संध्याकाळी गणपत गल्लीतून खडेबाजारात फिरलो की एकटं वाटत नाही, मराठीत विचारलं की मराठीतच उत्तर येतं.

सुटका झाली ती ऑफिसातल्या निपाणीच्या एका मित्रामुळे. त्याने सांगितलं की रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांतच आहे, आधारची पडताळणी झाली आणि सध्याचा पत्ता वेगळा असेल तर स्वतःच्या सहीचं घोषणापत्र चालतं. म्हणजे करार नको, बिल नको! पाचव्या खेपेला काउंटरला न थांबता थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो, नियमाची प्रिंट पुढे ठेवली आणि म्हटलं, हे चालत नसेल तर तसं लेखी द्या. त्यांनी वाचलं, कुणाला तरी हाक मारली, बोटांचे ठसे घेतले, २० मिनिटांत काम झालं. बाहेर येऊन हात थरथरत होते माझे. पण मान ताठ होती.

तुम्ही कुणी नवीन येणार असाल तर "लेखी द्या" हे पहिल्याच खेपेला म्हणा, मी उगाच तीन आठवडे नम्रपणात घालवले. आणि हो, करार करण्याआधी घरमालकाचं लाईट बिल कुणाच्या नावावर आहे ते बघून घ्या, गॅसला वगैरे पुढे लागतंच.

पगार जमा झाला त्या रविवारी राजहंसगडावर गेलो. येळ्ळूरची बस धरायची आणि पुढे चढ चालत जायचा. बसची पाटी कन्नडमध्ये असते, वाचता नाही आली तर कंडक्टरना मराठीत विचारा, नीट सांगतात. पाण्याची बाटली गावातच भरून घ्या.