नऊ वाजले, पण कुठले? ॲरिझोना–नवाहो भागातला प्रवास आणि फोनचं कॅलेंडर

मागच्या ऑक्टोबरात मी आणि माझी धाकटी बहीण असे दोघं आठ दिवस अमेरिकेतल्या ॲरिझोनात गाडीने फिरलो. फिनिक्स, फ्लॅगस्टाफ, ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा, पेज, मॉन्युमेंट व्हॅली आणि परत फिनिक्स. दऱ्या-डोंगरांची वर्णनं पुष्कळांनी लिहिली आहेत, ती मी लिहीत बसत नाही. आमच्या सहलीत सगळ्यात जास्त वेळ ज्याने खाल्ला ते फोनमधलं कॅलेंडर, आणि त्याबद्दल आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

निघण्याआधी महिनाभर आम्ही भारतात बसून एक सामायिक कॅलेंडर बनवलं. माझा फोन, बहिणीचा फोन आणि घरी आईचा टॅब, तिन्हीवर सिंक. ‘बुध. ९.०० अँटिलोप कॅन्यन’, ‘बुध. ४.०० जीप, मॉन्युमेंट व्हॅली’ अशा नोंदी भरभर टाकल्या. आईने ते पाहून समाधानाने मान डोलावली. सकाळी नऊला कॅन्यन, दुपारी चारला जीप, सगळं कसं व्यवस्थित. आईला ते व्यवस्थित दिसत होतं, म्हणजेच ते चुकलेलं होतं, हे कळायला आम्हाला बारा हजार किलोमीटरहून जास्त अंतर जावं लागलं.

फिनिक्सला उतरलो, फोन चालू केला, आणि बुधवारचं अँटिलोप कॅन्यन मंगळवारी रात्री साडेआठला जाऊन बसलं होतं. कारण साधं आहे. भारतात बसून ‘९.००’ लिहिलं की कॅलेंडर ते भारताचे नऊ धरतं आणि आत जागतिक प्रमाणवेळेशी बांधून ठेवतं. फिनिक्स भारताच्या साडेबारा तास मागे. (हे अंतर बारा महिने तेवढंच असतं, कारण दोन्हीकडे घड्याळ पुढे-मागे करत नाहीत. ॲरिझोनाने १९६७ साली उन्हाळी वेळ, म्हणजे उन्हाळ्यापुरतं घड्याळ एक तास पुढे करणं, पाळून पाहिली आणि १९६८ मध्ये सोडून दिली. तिथल्या उन्हाळ्यात संध्याकाळी एक तास जास्त ऊन कुणाला हवंय?) थोडक्यात, फोनने काही बिघडवलं नव्हतं, आम्ही सांगितलं तेच तो इमानाने करत होता.

इथवर ठीक होतं. तेव्हाच बसून सगळ्या नोंदी नीट केल्या असत्या तर पुढचं रामायण टळलं असतं. पण ‘करू रे जाता जाता’ म्हणत आम्ही निघालो.

ॲरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही, पण राज्याच्या ईशान्येला पसरलेलं नवाहो नेशन, म्हणजे नवाहो या तिथल्या मूळ रहिवाशांचा स्वशासित प्रदेश, पाळतं. त्यांचा प्रदेश सुमारे सत्तर हजार चौरस किलोमीटर, तोही ॲरिझोना, युटा आणि न्यू मेक्सिको अशा तीन राज्यांत. बाकीची दोन राज्यं घड्याळ बदलतात, म्हणून नवाहोही बदलतात. आता गंमत म्हणजे नवाहो प्रदेशाच्या पोटात होपी लोकांचा प्रदेश आहे, आणि ते ॲरिझोनाप्रमाणे बदलत नाहीत. ट्यूबा सिटी नवाहोंचं, रस्त्यापलीकडचं मोएनकोपी होपींचं, आणि उन्हाळ्यात दोघांत एक तासाचं अंतर. त्याहून पुढे, होपींच्या आतही जेडिटो म्हणून नवाहोंचा एक तुकडा आहे. राज्यमार्ग २६४ वरून या भागातून सरळ गाडी हाकली तरी घड्याळ पुढे-मागे होत राहतं.

ग्रँड कॅन्यनहून पेजला जाताना कॅमेरॉन नावाचं ठिकाण लागतं. ते नवाहो प्रदेशात. तिथे पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा फोन गुपचूप एक तास पुढे गेला होता. बहिणीने तेवढ्यात कॅलेंडर उघडलं. “दादा, हे अँटिलोप आज रात्री साडेनऊला दाखवतंय, काढून नवीन टाकते,” म्हणाली. जुनी नोंद उडवली, बुधवार सकाळ नऊची नवी टाकली. पाच सेकंदांत माझ्या फोनवरही आली. दोघांना हायसं वाटलं.

नवी नोंद अर्थातच त्या क्षणी फोन जिथली वेळ दाखवत होता तिथली झाली, म्हणजे नवाहोंच्या नऊची. पेजला पोहोचलो तर फोन परत ॲरिझोनाच्या वेळेवर आला आणि नोंद आठवर सरकली. आम्ही दोघांनीही ती पाहिली आणि दोघांनाही वाटलं, आठचीच असेल. ईमेलमध्ये तिकीट होतं. ते उघडून पाहायचं कुणालाही सुचलं नाही. सिंक झालेल्या गोष्टीवर माणसाचा असा विचित्र विश्वास बसतो. साडेसातला जाऊन उभे राहिलो, तिथल्या बाईने यादी पाहिली आणि शांतपणे सांगितलं की तुमची फेरी नऊची आहे, बाकावर बसा. बसलो. थंडी चांगलीच होती.

मागून येणाऱ्यांनी हे डोक्यात पक्कं ठेवावं. अँटिलोप कॅन्यनची जमीन नवाहोंची असली तरी तिथल्या फेऱ्या पेजच्या, म्हणजे ॲरिझोनाच्या वेळेवर चालतात. पेज शहर युटाच्या सीमेला अगदी खेटून आहे, त्यामुळे फोन कधी इकडचा टॉवर पकडतो, कधी तिकडचा, आणि हॉटेलच्या खोलीत बसल्या बसल्याही तासाभराने उडी मारू शकतो. इथे घड्याळाचा गजर आणि कॅलेंडरची आठवण यांतला फरक लक्षात घ्या. कॅलेंडरची आठवण ठरलेल्या क्षणाला वाजते, फोनवरचा आकडा काही का असेना. पण घड्याळाच्या ॲपमध्ये साडेपाचचा गजर लावलात तर फोन ज्याला साडेपाच म्हणेल तेव्हा तो वाजेल. रात्रीत फोनने युटाचा टॉवर धरला तर तुम्ही तासभर आधी जागे व्हाल.

त्या बाकावर बसून मी चिडलो आणि दुसरी चूक केली. दोन्ही फोनची आपोआप बदलणारी वेळ बंद केली आणि फिनिक्सवर खिळा ठोकला. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, डेट अँड टाइम इथे ‘सेट ऑटोमॅटिकली’ बंद करून शहर निवडता येतं. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘डेट अँड टाइम’ शोधलं की टाइम झोन आपोआप ठरवायचा खटका मिळतो, तो बंद करून फिनिक्स निवडायचं. पेजमध्ये राहताना हा उपाय उत्तमच आहे, मी आजही तो सुचवीन. फक्त शहर निवडताना यादीत नुसता ‘माउंटन टाइम’ दिसला तर तो घेऊ नका, तो बहुतेक डेन्व्हरचा असतो आणि उन्हाळ्यात एक तासाने चुकतो. ‘फिनिक्स’ किंवा ‘ॲरिझोना’ असंच लिहिलेलं हवं.

पण आम्ही त्याच तंद्रीत मॉन्युमेंट व्हॅलीची चारची नोंदही काढून नव्याने टाकली, आता अर्थातच फिनिक्सच्या चारची. दुपारी एकला पेजहून निघालो. दोन तासांचा रस्ता, मध्ये एकदा थांबलो, फोनप्रमाणे तीन वाजून दहा मिनिटांनी पोहोचलो. चांगली पन्नास मिनिटं हातात आहेत म्हणून मी कॅमेऱ्याची लेन्स पुसत होतो. आत भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. जीप गेलेली. मॉन्युमेंट व्हॅली नवाहोंच्या वेळेवर चालते, आणि आमचे फोन खिळा ठोकल्यामुळे ते सांगायला मोकळे नव्हते. गाइड भला माणूस होता, पुढच्या जीपमध्ये दोन जागा होत्या त्यात बसवलं. तुमच्या वेळी जागा असतीलच असं नाही.

त्या रात्री कायेंटाच्या मुक्कामात आम्ही एकदाचं नीट बसलो. माझ्या लक्षात आलं की आपण एका गोष्टीला वेळ म्हणतोय, पण फोनमध्ये त्या तीन आहेत. एक फोनची वेळ. दुसरी कॅलेंडरची स्वतःची. गूगल कॅलेंडरमध्ये ‘यूज डिव्हाइस टाइम झोन’ बंद करून ती वेगळी ठरवता येते, आणि आयफोनच्या कॅलेंडर सेटिंगमध्ये तीच सोय ‘टाइम झोन ओव्हरराइड’ नावाने असते. या दोन्ही फक्त दाखवण्यापुरत्या, म्हणजे चष्मा. तिसरी वेळ प्रत्येक नोंदीची. खरा माल तिथे असतो. आम्ही दोन दिवस चष्मे बदलत होतो, नोंदीच्या झोनला कुणी हात लावलाच नव्हता.

मग एकेक नोंद उघडून वेळेखालच्या ‘टाइम झोन’वर जाऊन शहर दिलं. पेज, फ्लॅगस्टाफ, ग्रँड कॅन्यन, फिनिक्सचं विमानतळ, या सगळ्यांना फिनिक्स. मॉन्युमेंट व्हॅली आणि कायेंटाला डेन्व्हर. (नवाहो वेळेसाठी ‘शिपरॉक’ असंही नाव काही याद्यांत असतं, आतून ते डेन्व्हरच आहे.) शहर दिल्यावर वेळ सरकते, त्यामुळे आधी झोन बदलायचा आणि मग तिकिटावरचा आकडा परत तपासायचा. हा क्रम उलटा केलात तर पुन्हा बाकावर बसाल. संगणक जवळ असेल तर गूगल कॅलेंडर ब्राउझरमध्ये उघडून सुरुवातीचा आणि शेवटचा झोन वेगवेगळा देता येतो. विमानाच्या नोंदीला आणि सीमा ओलांडणाऱ्या गाडीच्या प्रवासाला ते फार सोयीचं पडतं. विमान कंपनीच्या ईमेलवरून आपोआप आलेली नोंद मात्र हलवू नका. आमच्या अख्ख्या कॅलेंडरमध्ये पहिल्यापासून बरोबर असलेली तेवढी एकच होती, आणि तिच्याशेजारी आम्ही हाताने केलेली चुकीची जुळी नोंद होती.

खोलात शिरायची आवड असणाऱ्यांसाठी थोडं आतलं. कॅलेंडरच्या नोंदी ज्या सर्वमान्य स्वरूपात इकडून तिकडे जातात त्याचं नाव आयकॅलेंडर, सध्याची आवृत्ती २००९ ची, आरएफसी ५५४५ (हा इंटरनेटच्या मानकांच्या यादीतला क्रमांक). त्यात वेळ तीन तऱ्हांनी लिहिता येते. जागतिक प्रमाणवेळेत, एखाद्या शहराच्या झोनचं नाव देऊन, किंवा कुठलाच झोन न देता. हा शेवटचा प्रकार ‘तरंगता’. तो म्हणतो नऊ म्हणजे नऊ, तुम्ही जिथे असाल तिथले. गोळी घ्यायची आठवण असल्या कामाला तो छान. मॅकच्या कॅलेंडरमध्ये टाइम झोनची सोय चालू केली की ‘फ्लोटिंग’ असा पर्याय मिळतो, गूगल कॅलेंडरमध्ये तशी सोय नाही. आणि तिकिटाच्या नोंदीला तो वापरूच नका, या भागात तर नाहीच.

पूर्ण दिवसाच्या नोंदींना खरं तर झोन नसतो, फक्त तारीख असते. पण ऑफिसच्या कॅलेंडरमधून आलेली माझी एक दिवसाची ‘रजा’ फोनवर दोन दिवसांवर पसरली होती, कारण काही व्यवस्था पूर्ण दिवस म्हणजे मध्यरात्र ते मध्यरात्र असा साठवतात आणि झोन बदलला की तो लोंबतो. तिला हात लावला नाही. परतल्यावर आपोआप जागेवर आली.

एक गोष्ट चुकूनही करू नका. झोन तसाच ठेवून घड्याळाचे आकडे हाताने तासभर पुढे-मागे करणं. समोर दिसणारी वेळ बरोबर वाटते, पण फोनच्या दृष्टीने अख्खं जगच एका तासाने सरकतं. नव्या नोंदी त्याच चुकीसह सिंक होतात, आणि काही ॲप आणि वेबसाइट उघडायलाच नकार देतात. बहिणीने फ्लॅगस्टाफला हे करून पाहिलं होतं, ते मला शेवटच्या दिवशी कळलं.

आम्हाला सगळ्यात उपयोगी पडलेले उपाय मात्र अगदी गावठी होते. नोंदीच्या नावातच आकडा लिहिला, ‘अँटिलोप, पेजचे ९.००’, ‘जीप, नवाहो ४.००’. झोन काहीही गोंधळ घालो, नाव सरकत नाही. दुसरं, बहिणीचं साधं काट्यांचं मनगटी घड्याळ. ते सतत फिनिक्सवर ठेवलं आणि फोन पुन्हा आपोआप बदलायला मोकळा सोडला, दोघांत फरक दिसला की समजायचं आपण नवाहोत आहोत. आणि फेरीचं आरक्षण करताना ‘ही वेळ कुठली?’ एवढं विचारलं तर समोरचे अजिबात वैतागत नाहीत, दिवसातून दहा जण विचारत असावेत.

मार्चच्या दुसऱ्या रविवारापासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारापर्यंत जाणाऱ्यांनाच ही कसरत आहे. हिवाळ्यात गेलात तर नवाहो, होपी, ॲरिझोना सगळ्यांचं घड्याळ एकच, आणि फक्त भारतात बसून केलेल्या नोंदी तेवढ्या सुधाराव्या लागतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. तिच्या टॅबवर सगळं बदललं होतं. “अरे, हे काय करून ठेवलंयत तुम्ही? रात्री साडेनऊला त्या घळीत, पहाटे साडेतीनला जीप?” बहीण माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, “आई, आता बरोबर आहे.”