तीन टायर-संच, एकच गाडी: ओल्या रस्त्यावरचे आकडे हाती आले

मंडळी, कोरड्या रस्त्यावरची मोजमापं दाखवली तेव्हा आपल्यातल्या दोघा-तिघांनी नाक मुरडलं होतं. "दोन मीटरच्या फरकासाठी एवढा उपद्व्याप?" आकडेच तसे होते म्हणा. ताशी ८० वरून पूर्ण थांबायला 'चिकट' संचाला २७ मीटर लागले, 'टिकाऊ'ला साडेअठ्ठावीस आणि 'जुन्या'ला २९. आता ओल्या डांबरावरची मापंही पूर्ण झाली आहेत. त्याच क्रमाने ३३, ४० आणि ४४ मीटर.

ज्यांनी आधीची नोंद वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गाडी एकच, पुढच्या चाकांवर चालणारी साधी हॅचबॅक. चालवणारा मीच. तिन्ही संचांचं माप तंतोतंत सारखं. 'चिकट' म्हणजे नवा कोरा संच, युरोपीय लेबलवर ओल्या पकडीसाठी 'ए' श्रेणी. 'टिकाऊ' हाही नवाच, खाचा भरपूर खोल, झिजेचा आकडा (जास्त म्हणजे टायर जास्त टिकणारा) भरघोस, पण ओल्या पकडीला 'डी'. 'जुना' हा गाडीसोबत आलेला मूळ संच. साइडवॉलवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार अंक वाचले की टायरचं वय कळतं: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे ३५१८ असेल तर २०१८ चा पस्तिसावा आठवडा. माझ्या संचाने सात वर्षं ओलांडली आहेत, पण गाडी फार फिरत नसल्यामुळे खाचा अजून ४ मिलिमीटर खोल आहेत. बऱ्याच देशांत मोटारीसाठी किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, त्यामुळे कागदोपत्री टायर ठणठणीत. गोटा झालेला टायर कुणालाही दिसतो. हे मात्र वरून कीर्तन आतून तमाशा, आणि म्हणूनच मला तो या चाचणीत हवा होता.

मोजणी कशी केली

जागा बंदिस्त, खासगी, परवानगी घेतलेली, आणि धावपट्टीच्या टोकाला भरपूर मोकळं मैदान. हा खेळ चालू रस्त्यावर करायचा नाही, मागे कुणी नाही असं वाटलं तरीही नाही.

फोनवरच्या अ‍ॅपवर विसंबू नका, असं मागेही म्हटलं होतं. कारण सांगतो. ब्रेक लागला की गाडी नाक खाली घालते. नुसता दोन अंशांचा कल आला तरी फोनमधला सेन्सर गुरुत्वाकर्षणाचा तुकडा ब्रेकच्या खात्यात जमा करतो आणि साधारण ०.०३५ जी (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतकं त्वरण) जास्त दाखवतो. कोरड्यावर माझ्या चिकट आणि जुन्या संचांतला फरक ०.०६ जी होता, म्हणजे निम्म्याहून जास्त फरक नुसत्या नाक खाली घालण्यात बुडाला असता. म्हणून सेकंदाला दहा नोंदी घेणारा जीपीएस लॉगर वापरला. ताशी ८० ला दोन नोंदींमध्ये गाडी २.२ मीटर जाते, तेव्हा मधली जागा हिशेबाने भरावीच लागते. सेकंदाला एकच नोंद घेणारं यंत्र असेल तर ते खुशाल घरी ठेवा, कारण तेवढ्यात गाडी २२ मीटर गेलेली असते.

पेडल दाबताना वेग नेमका ८० कधीच नसतो. ८२ ला ब्रेक मारला तर अंतर ५ टक्क्यांनी वाढतं, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ४० मीटरमध्ये ५ टक्के म्हणजे २ मीटर. म्हणून प्रत्येक अंतराला ८० भागिले खरा वेग, त्याचा वर्ग, असं गुणून घेतलं. हवा सगळ्या संचांत थंड असताना ३३ पीएसआय. प्रत्येक ब्रेकआधी ब्रेक डिस्कचं तापमान १०० अंशांच्या आत आल्याची खात्री. आणि सगळ्यात महत्त्वाचं: तिन्ही संच झाल्यावर पहिला संच पुन्हा चढवून मोजणी केली. डांबर घासून, पाणी वाहून किंवा ऊन चढून पृष्ठभाग बदलला असता तर ते तिथेच उघडं पडलं असतं. आकडे जवळजवळ पहिल्याइतकेच आले, म्हणून हे सगळं इथे मांडायची हिंमत करतोय. जॅक, पाना आणि घाम यांबद्दल वेगळं लिहीत नाही.

४४ वजा ३३ म्हणजे अकरा मीटर, एवढ्यावर थांबू नका

चिकट संच जिथे थांबला त्या रेषेवर मी खुणेचा एक शंकू ठेवला होता. जुन्या संचावर गाडी त्या शंकूपाशी आली तेव्हा लॉगरवर वेग होता ताशी ४०. तिथे कुणी उभं असतं तर त्याला ताशी ४० ने धडक बसली असती, आणि चिकट संचावर त्याला नुसता बंपर दिसला असता. टिकाऊ संच त्याच जागेवरून साधारण ३३ च्या वेगाने पुढे गेला.

हा ४० चा आकडा योगायोगाचा नाही. ब्रेक एकसारखा लागत असेल तर अंतराचा तीन-चतुर्थांश भाग संपतो तेव्हा वेग अजून निम्मा शिल्लक असतो, कारण वेगाचा वर्ग अंतराबरोबर सरळ उतरतो, वेग नाही. ३३ हे ४४ चे बरोबर तीन-चतुर्थांश. वेगातली निम्मी घट शेवटच्या चतुर्थांश अंतरात एकवटलेली असते, आणि वाईट टायर नेमके तेच मीटर रेषेच्या पलीकडे ढकलतो. ब्रेकच्या अंतरांची तुलना करताना "एवढे मीटर जास्त" असं लिहिणं मी यापुढे बंद करणार आहे. पहिली गाडी थांबते तिथे दुसरीचा वेग किती, एवढंच लिहीन.

कोरड्यावर सगळे सारखे, ओल्यावर का नाही

रबर रस्त्याला दोन तऱ्हांनी धरतं. एक, रेणूंच्या पातळीवर चिकटून. दोन, खडीच्या बारीक उंचवट्यांवर दबून, त्यांच्या आकारात शिरून आणि तिथून सुटताना ऊर्जा उष्णतेत घालवून. कोरड्यावर दोन्ही कामाला असतात. पाण्याचा पातळ पापुद्रा आला की पहिली तऱ्हा जवळपास संपते आणि सगळा भार दुसरीवर येतो. मग रबर किती मऊपणे खडीत शिरतं आणि किती ऊर्जा गिळतं, यावर सगळं ठरतं.

त्यात गोम अशी की ऊर्जा गिळणारं रबर चालतानाही ऊर्जा गिळतं, म्हणजे इंधन खातं. टायर बनवणारे प्रयोगशाळेत रबराचा नमुना ० अंशांच्या आसपास तपासून ओल्या पकडीचा अंदाज बांधतात आणि ६० अंशांच्या आसपास तपासून गडगडण्याच्या विरोधाचा. एकीकडे आकडा जास्त हवा, दुसरीकडे कमी. रबरात नुसतं कार्बन ब्लॅक (काजळीची पूड) वापरून हे दोन्ही साधणं अवघड जायचं. सिलिका आणि तिला रबराशी जोडणारे सिलेन आल्यावर गणित बदललं. मिशेलिनने १९९२ मध्ये सिलिकाचा टायर बाजारात आणला आणि मग बाकीचेही त्या वाटेने गेले. महाग आणि स्वस्त टायरमधला फरक बराचसा या मिश्रणात असतो. नक्षी बघून तो कळत नाही, कितीही आक्रमक बाण काढलेले असोत.

जुन्या संचाचं काय झालं? रबरातली ऑक्सिडेशन रोखणारी द्रव्यं कालांतराने संपत जातात, रेणूंमधल्या गाठी वाढतात आणि रबर कडक होतं. कडकपणा मोजणाऱ्या शोर ए ड्युरोमीटरवर (आकडा जास्त तितकं रबर कडक) जुन्याचं वाचन ७६ आलं, टिकाऊचं ७०, चिकटचं ६३. पण या आकड्यांवरून वेगवेगळ्या कंपन्यांचे टायर एकमेकांशी जोखू नका. चांगल्या मिश्रणाचा ६८ चा टायर वाईट मिश्रणाच्या ६२ च्या टायरला ओल्यावर सहज मागे टाकू शकतो. ड्युरोमीटरचा खरा उपयोग एकाच टायरची दरवर्षी नोंद ठेवण्यात आहे. बऱ्याच उत्पादकांचं म्हणणं असं की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या, आणि दहा वर्षं झाली की खाचा कितीही शिल्लक असल्या तरी बदला. मी दहापर्यंत वाट बघणार नाही, पण ते माझं मत झालं.

लेबलवर काय वाचायचं

युरोपीय लेबलवरची ओल्या पकडीची श्रेणी मला सगळ्यात उपयोगी वाटते. २०२१ पासून ती 'ए' ते 'ई' आहे. मोटारीने करायच्या चाचणीत प्रमाण टायरशी तुलना करून, अर्धा ते दीड मिलिमीटर पाण्यात, ताशी ८० वरून २० पर्यंतचा ब्रेक मोजतात. थेट शून्यापर्यंत मोजत नाहीत ते बरंच आहे, कारण अगदी कमी वेगात एबीएसचं (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) वागणं लहरी होतं. मात्र ही श्रेणी नव्या टायरची असते. तो टायर पाच वर्षांनी कसा वागेल ते ती सांगत नाही.

अमेरिकी पद्धतीत झिजेचा आकडा असतो, तो १०० अंकांच्या प्रमाण टायरशी ताडून कंपनी स्वतःच जाहीर करते. म्हणून ५०० विरुद्ध ४०० ही तुलना एकाच कंपनीच्या दोन टायरांत थोडी चालते, दोन कंपन्यांत नाही. तिथली ट्रॅक्शन श्रेणी ओल्या पृष्ठभागावर चाक पूर्ण जाम करून, घसरत मोजलेली असते. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, ते दहा-वीस टक्के घसरणीच्या आसपास झुलवत ठेवतं, जिथे पकड सर्वांत जास्त असते. त्यामुळे सर्वांत वरची 'एए' श्रेणी वाचून हुरळून जायचं कारण नाही.

मोठ्या डिस्कचं काय?

हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच मोजून ठेवलं. मूळ पॅड आणि मूळ डिस्क ठेवून, कोरड्या रस्त्यावर, सर्वांत चिकट संचावरही एबीएसची थरथर पायाला जाणवते, आणि त्यासाठी पेडलवर उभं राहावं लागत नाही. एबीएस जागं झालं याचा अर्थ ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. तिथे सहा पिस्टनचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) लावला तरी एकाच ब्रेकमध्ये अंतर घटायचं नाही. सात वर्षांच्या टायरवर चकचकीत मोठे ब्रेक म्हणजे नाकापेक्षा मोती जड. घाट उतरताना किंवा ट्रॅकवर वारंवार ब्रेक मारताना पॅड तापून पेडल ढिलं पडतं, तो विषय वेगळा. तिथे पॅड आणि ब्रेक ऑइल यांवर जरूर लक्ष द्या.

दोनच नवे घेतले तर पुढे की मागे?

यावर आपल्यात दरवेळी भांडण होतं, तेव्हा तेही करून पाहिलं. पुढे लावा म्हणणाऱ्यांचा हिशेब चुकीचा नाही. गाडी उभी असताना पुढच्या चाकांवर वजनाच्या ६० टक्के भार असेल, तर ०.९ जीच्या ब्रेकला माझ्या गाडीच्या मापांनुसार तो ८० टक्क्यांच्या घरात जातो. सरळ रेषेत ब्रेक मोजला तर चिकट जोडी पुढे असताना अंतर खरोखरच कमी येतं.

मग ओल्या गोल वळणावर, कमी वेगात, नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडून पाहिला. जुनी जोडी मागे असताना मागचा भाग बाहेर सरकला, आणि तेही कसलीही सूचना न देता. जोडी उलटी केल्यावर त्याच वेगात पुढचं टोक थोडं रुंद गेलं, स्टीअरिंग हलकं झालं, पाय उचलल्यावर गाडी परत रेषेवर आली. पुढून घसरणारी गाडी बहुतेकांना सावरता येते, मागून फिरणारी फार थोड्यांना. मी मागेच लावणार. आणि एकाच अ‍ॅक्सलवर डावा-उजवा वेगळा टायर तर नकोच. बऱ्याच गाड्यांत मागचं एबीएस कमी पकड असलेल्या चाकाप्रमाणे दोन्ही चाकांचा ब्रेक सोडतं, म्हणजे एक वाईट टायर शेजारच्या चांगल्यालाही कामचुकार बनवतो.

साचलेल्या पाण्यावर तरंगण्याची चाचणी मी केलेली नाही आणि करणारही नाही. नासाने १९६०च्या दशकात विमानांच्या टायरवर काम करून दिलेलं सूत्र हाताशी आहे: पीएसआयमधल्या हवेच्या वर्गमुळाला साधारण १६.७ ने गुणलं की तरंगण्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये येतो. ३३ पीएसआयला ९६, २४ पीएसआयला ८२. हे खोल पाण्याचं आणि खाचा कामी न येणाऱ्या टायरचं गणित आहे, पण हवा कमी ठेवणाऱ्यांनी ते एकदा करून पाहावं.

पुढची फेरी हवेचीच. चिकट संचावर ३३ आणि २६ पीएसआय, ओलं डांबर, बाकी सगळं जसंच्या तसं. दरम्यान ज्यांच्याकडे ड्युरोमीटर आहे त्यांनी टायर सावलीत, साधारण २० अंशांना, किमान दोन तास ठेवून, नक्षीच्या ठोकळ्याच्या मधोमध, खाचेच्या कडेपासून दूर वाचन घ्यावं आणि डॉट कोडसकट मला कळवावं. गाडी उन्हात उभी असताना घेतलेला आकडा तक्त्यात घालणार नाही, आधीच सांगून ठेवतो.