रकाना एच

रुग्ण भरती करताना जन्मतारीख लिहून झाली की पुढचा प्रश्न वंशाचा. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत त्याला अक्षरं ठरलेली आहेत. ए म्हणजे गोरे ब्रिटिश, एच भारतीय, जे पाकिस्तानी, के बांगलादेशी. सांगायचं नसेल तर झेड. इथे नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा हे विचारताना माझी जीभ अडखळायची. धाप लागलेल्या माणसाला कुणी हे विचारतं का? कित्येकदा मी स्वतःच चेहऱ्यावरून अंदाजानं भरून टाकायचे. चूकच होती ती, आणि तशी करणारी मी एकटी नव्हते.

२०२० च्या एप्रिलमध्ये त्याच रकान्याच्या बातम्या झाल्या. अतिदक्षता विभागातल्या कोविड रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश गोरे नव्हते, आणि देशाच्या लोकसंख्येत त्यांचं प्रमाण होतं जेमतेम १४ टक्के. धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, आपल्या लोकांनाच जास्त होतोय म्हणे तिकडे. आपल्या रक्तातच काही आहे का?"

त्याला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. आज देते.

अरे, आधी वयाचा रकाना बघ. रुग्णालयात दाखल झालेल्या २०,१३३ रुग्णांचा पहिला मोठा ब्रिटिश अभ्यास मे २०२० मध्ये आला. त्यात निम्मे रुग्ण ७३ वर्षांच्या पुढचे होते. मग जुलैमध्ये १ कोटी ७० लाखांहून जास्त प्रौढांच्या नोंदी तपासलेला ओपनसेफली या संशोधन प्रकल्पाचा अभ्यास छापून आला. ऐंशीच्या पुढच्या माणसाला कोविडनं मृत्यूचा धोका पन्नाशीतल्या माणसाच्या किमान २० पट. दक्षिण आशियाई असण्यानं तो वाढत होता साधारण दीडपट. हे दोन आकडे शेजारी ठेवले की भावाच्या प्रश्नातली निम्मी भीती तरी गळून पडते. लस द्यायची वेळ आली तेव्हा, ८ डिसेंबर २०२० पासून, क्रम मुख्यतः वयाचाच लावला. वंशाची वेगळी रांग नव्हती. त्यावर इथे बरीच कुरकूर झाली, पण मला तो निर्णय बरोबर वाटला होता आणि अजूनही वाटतो.

तरीही दीडपट म्हणजे काही कमी नाही. शिवाय हे दोन रकाने एकमेकांत अडकलेले आहेत. आमच्या वॉर्डात एच, जे, के लिहिलेले रुग्ण बहुतेक पन्नास-साठीतले. शेजारच्या खाटांवरचे गोरे आजोबा पंच्याऐंशीचे. साहजिकच आहे, इथला दक्षिण आशियाई समाजच वयानं तरुण. त्यामुळे कोणत्या गटातले किती टक्के दगावले, एवढंच मोजलं तर तरुण गटाचं वय त्याचा धोका झाकून टाकतं. पंचावन्नच्या माणसाशी पंचावन्नचाच माणूस ताडून बघितला तर फरक उघडा पडतो. २६० रुग्णालयांतल्या जवळपास ३५ हजार रुग्णांची अशी तुलना केली तेव्हा दाखल झालेल्या दक्षिण आशियाई रुग्णांचा मृत्यूचा धोका गोऱ्या रुग्णांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी जास्त निघाला. त्या दक्षिण आशियाई रुग्णांपैकी ४० टक्क्यांना मधुमेह होता, गोऱ्यांत २५ टक्क्यांना. मला वाटलं, सापडलं कारण! पण मधुमेहाचा हिशेब लावूनही त्या फरकाचा पाचवा हिस्सासुद्धा भरून निघेना.

मग रक्ताकडे वळू. २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी एलझेडटीएफएल१ या जनुकावर बोट ठेवलं. फुप्फुसाचा विषाणूला प्रतिकार कमकुवत करणारा त्याचा धोकादायक प्रकार दक्षिण आशियाई वंशाच्या सुमारे ६० टक्के लोकांत, युरोपीय वंशाच्या १५ टक्के लोकांत. भावानं ती बातमी मला लगेच पाठवली, "बघ, मी म्हणत होतो!" पण आफ्रिकी-कॅरिबियन वंशाच्या लोकांत तो फक्त २ टक्क्यांकडे असतो, आणि पहिल्या लाटेत तेही जास्तच दगावले. दुसऱ्या लाटेत तर भारतीयांचा जादा धोका खाली आला, पाकिस्तानी आणि बांगलादेशींचा मात्र चढाच राहिला. काही महिन्यांत जनुकं बदलत नाहीत. बदलतं ते कामाचं ठिकाण, घरातली दाटी, लागण होण्याची शक्यता. टॅक्सी घरून चालवता येत नाही. आजीला खोकला आला तर वेगळी ठेवायला घरात खोली हवी. रुग्णालयाच्या दारात पोचण्याआधीच बरंच काही ठरलेलं असतं, आणि ते सगळं आमच्या फॉर्मवर एका अक्षरात कोंबलेलं असतं.

आम्हा कर्मचाऱ्यांचेही धोक्याचे फॉर्म भरले गेले. वय, वजन, आजार, वंश. उंचीच्या मानानं वजन मोजणाऱ्या निर्देशांकाची (बीएमआय) मर्यादा आपल्यासाठी मुळातच खाली आहे, २५ ऐवजी २३. मी दोन किलोंनी पलीकडे गेले. मॅनेजरबाई हसल्या, मग एकदम गप्प झाल्या.

एक रात्र सांगायची राहिली. साठीतले एक गृहस्थ, सावळ्या वर्णाचे. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्के दिसत होता आणि आमचं लक्ष्य होतं ९२ ते ९६. म्हणजे सगळं ठीक. पण ते वाक्य पुरं करू शकत नव्हते, तीन शब्द बोलून थांबत होते. डॉक्टरांनी मनगटातल्या रोहिणीतून रक्त घेतलं. प्रत्यक्षातला ऑक्सिजन यंत्रापेक्षा बराच खाली निघाला. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेतला अभ्यास छापून आला. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात तो ८८ च्या खाली असलेले नमुने कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होते, गोऱ्यांत ३.६. गडद त्वचेतून जाताना प्रकाशाचं गणित चुकतं आणि यंत्र खोटा दिलासा देतं.

ते गृहस्थ त्या रात्री वेळेवर अतिदक्षता विभागात हलवले गेले. तेव्हापासून एच असो वा ए, आकडा बघण्याआधी मी चादरीखालच्या छातीकडे बघते आणि घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते.