बालाघाटच्या डोंगरावर राबायला जाणाऱ्यांसाठी

सोलापूरकराला डोंगराबद्दल विचारलं की तो आधी हसतो. आमच्याकडं माळ आहे, ऊन आहे, धूळ आहे. डोंगर बघायचा तर साताऱ्याला जा म्हणतात. पण वैराग, बार्शी ओलांडून पांगरीच्या बाजूला गेलं की बालाघाटच्या सोंडा खाली उतरलेल्या दिसतात. उंची काही फार नाही, सह्याद्रीत हिंडणारे त्याला टेकाड म्हणतील. अशाच एका उतारावर एक कुटुंब बऱ्याच वर्षांपासून स्वतःचं धान्य, स्वतःचं पाणी, स्वतःचा गॅस यावर जमेल तेवढं भागवून राहतंय. हिवाळा सरताना मी त्यांच्याकडं राबायला गेलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तशी त्यांची अटच आहे. रविवारी गाड्या भरून हुरडा खायला येणारी मंडळी त्यांना नकोत. मी त्यांना अण्णा आणि आक्का म्हणायचो, इथंही तेच म्हणतो.

तुम्ही याच घरी जा किंवा दुसऱ्या एखाद्या, एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या. पहिले काही दिवस तुमची मदत होत नाही, तुमचा खर्च होतो. तुम्ही खाता, पाणी वापरता, आणि एक कामाचा माणूस तुम्हाला शिकवण्यात अडकून पडतो. म्हणून शनिवार-रविवार जाऊन "सेवा" करून येण्यात काही अर्थ नाही. दोन आठवडे तरी काढता येत असतील तरच जा. दुसऱ्या आठवड्यात कुठं हात बसतो आणि घरच्यांना तुमचा उपयोग व्हायला लागतो.

खर्च म्हणजे काय ते पाण्यावरून कळेल. घराचा पत्रा 1000 चौरस फुटांच्या आसपास आहे. या भागात वर्षाला साधारण 500 ते 550 मिलिमीटर पाऊस, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडणारा. 1000 चौरस फुटांवर 500 मिलिमीटर पाऊस पडला तर हिशोबानं 46,000 लिटर होतात. पहिल्या पावसाचं धुवण सोडून दिलं, गळती धरली, तर 37 हजारांच्या आसपास टाकीत येतं. तेही वर्ष चांगलं असेल तर. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी 10 लिटर धरले तर पाच माणसांचे दिवसाला 50, म्हणजे ऑक्टोबर ते मे 12,000 लिटर. हे निवांत बसतं. पण भांडी आहेत, अंघोळी आहेत, परसातला भाजीपाला आहे. जनावरांचं पाणी विहिरीचं, आणि एक बैल दिवसाला 40-50 लिटर सहज पितो. मार्च लागला की विहीर तळ दाखवायला लागते, मग जनावरंही टाकीकडंच बघतात. आता या हिशोबात दोन वेळा अंघोळ करणारे दोन शहरी पाहुणे घालून बघा.

अंघोळीला एक लहान बादली, सकाळी, शेवग्याच्या आळ्याशेजारच्या दगडी न्हाणीत. ते पाणी थेट शेवग्याला आणि पुढं अळूला जातं, त्यामुळं शाम्पू, कंडिशनर घरीच ठेवा. साबण चालतो, पण बेतानं. भांडी आधी राखेनं घासायची आणि मग दोनच पाण्यांत काढायची. हे आक्कांकडून शिकून घ्या, कारण शहरात वाढलेल्या कुणालाच ते येत नाही. संडास दोन शोषखड्ड्यांचा आहे. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा चालू करतात आणि वर्षभरानं पहिल्यातलं खत झाडांना जातं. त्यात फिनेल, अॅसिड काही टाकायचं नाही.

गोबरगॅसचंही तसंच. दोन घनमीटरच्या टाकीला रोज 50 किलोच्या आसपास ताजं शेण लागतं आणि तेवढंच पाणी. चार-पाच जनावरं गोठ्यात बांधलेली असली तरच एवढं शेण जमतं; चरायला सोडली की निम्मं माळावरच पडतं. एवढ्या गॅसवर पाच माणसांचा स्वयंपाक जेमतेम होतो. पाहुणे आले की चूल पेटते आणि सरपण आणायची पाळी पाहुण्यांवर येते. मला हा न्याय आवडला. सकाळी उठल्याउठल्या शेण कालवायचं काम नव्या माणसाला देतात. हातानंच कालवायचं. कडब्याचं एखादं काडूक आत गेलं तर नळी तुंबते, म्हणून बोटांनी चाचपत राहायचं. नाक दोन दिवसांत सरावतं.

आता मुख्य काम. फेब्रुवारीत गेलात तर ज्वारीच्या काढणीला सापडाल आणि माझ्या मते जायची तीच वेळ आहे. डोंगरपायथ्याला त्यांचा काळ्या रानाचा एक तुकडा आहे, त्यात मालदांडी असते. मोहोळच्या संशोधन केंद्रात 1930च्या दशकात निवडलेलं हे वाण अजूनही आमच्या जिल्ह्याची भाकरी आहे. ती विळ्यानं कापत नाहीत, मुळासकट उपटतात. म्हणजे कडबा पूर्ण लांबीचा मिळतो आणि रानात धसकटं राहत नाहीत. ताट दोन्ही हातांनी बुडाशी, जमिनीपासून वीतभर वर धरायचं, गुडघे वाकवून अंगाच्या वजनानं मागं तिरकं ओढायचं. सरळ वर ओढलं की कंबर गेलीच. उपटलेलं मूळ पायावर आपटून माती झाडायची आणि ताटं एका दिशेला तोंड करून आडवी टाकायची. कणसं उलटसुलट पडली की मागून मोडत येणाऱ्या बायका बोलतात, आणि बरोबरच बोलतात.

बोटांच्या मुळाशी फोड पहिल्याच दिवशी येतात. बाजारातले सुती हातमोजे नेऊ नका, ताट त्यातून सटकतं. जुन्या लुगड्याची चिंधी तळहाताला गुंडाळायची, ती घट्ट बसते. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट मात्र हवाच, पानांच्या कडेनं हात चरचरतात. प्रत्येकाला एक पात देतात, म्हणजे ओळींचा पट्टा. आक्का म्हणाल्या, "हळू काढा, पर पात मधीच सोडू नका." कारण मधली पात मागं राहिली की दोन्ही बाजूंची माणसं अडून बसतात. इकडं मजूर मिळेना म्हणून ज्वारी सोडून दुसऱ्या पिकाकडं गेलेले कितीतरी शेतकरी आहेत. त्यामुळं पात पुरी करणारा हात मिळाला की त्यांना खरंच बरं वाटतं.

ज्वारीच्या कडेनं करडईचे तास असतात. करडईच्या काट्यांमुळं जनावर रानात शिरत नाही, शिवाय वर्षाचं तेल घरात येतं. करडई काढायची तर पहाटे. दव असेपर्यंत काटे नरम असतात. ऊन चढलं की बोटांची चाळण होते. साडेपाचला उठवलं तर कुरकुर करू नका. नऊला सगळे भाकरीवर बसतात, आणि त्या वेळी ताटात जे असतं ते शहरात मिळत नाही: गरम भाकरी, शेंगाचटणी, हुलग्याचं माडगं, कच्चा कांदा. चपातीची वाट बघणाऱ्यानं जाऊच नये. भाकरी थापायला शिकायची इच्छा असेल तर आक्का शिकवतात, पण काढणीच्या दिवसांत विचारू नका.

डोंगरावरचं काम वेगळं. तिथं मुरूम आहे, माती विरळ. पावसाचं पाणी धावू नये म्हणून उतारावर समतल चर खणलेत आणि अजून खणतायत. रेषा आखायला महागडं यंत्र नाही: इंग्रजी 'ए'च्या आकाराचा बांबूचा सांगाडा, त्याच्या टोकाला दोरी, दोरीला दगड. आडव्या बांबूवर मधोमध खूण केलेली असते. दोरी खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथं चुना टाकायचा, एक पाय तसाच ठेवून दुसरा फिरवायचा. सकाळभरात दोघं मिळून अख्खा उतार आखतात. खणणं मात्र तेवढं सोपं नाही. फेब्रुवारीत मुरूम दगडासारखा झालेला असतो. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेच्या दिवसांत श्रमदानाला गेलेल्यांना हे सांगायला नको. पहार आणि टिकाव त्यांच्याकडं आहेत. माती चराच्या खालच्या अंगाला टाकायची, वर टाकली की पहिल्याच पावसात पुन्हा आत येते. ज्यांना खणायचं आहे त्यांनी परतीचा पाऊस झाल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात जावं, जमीन ऐकते.

चरांच्या बांधावर सीताफळ आहे, बोर आहे, हादगा आहे. सीताफळात गावठीच जास्त. थोडी झाडं एनएमके-1 गोल्डनची, जे वाण याच बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी काढलं. त्याचा अभिमान अण्णांच्या बोलण्यात सारखा येतो, पण खायला देताना मात्र गावठीच देतात. गोल्डन बाजारात जातं.

म्हणजे ते सगळं पिकवतात आणि काही विकत घेत नाहीत असं नाही. चहा, गूळ, कापड, औषधं, लोखंड, मोबाइलचा रिचार्ज हे सगळं बार्शीतून येतं. मी हे विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, "मीठ कुठं पिकतंय बालाघाटात?" ज्वारी, तूर, सीताफळ आणि उस्मानाबादी शेळ्यांची करडं विकून हा खर्च निघतो. "आम्ही बाजारात पायच ठेवत नाही" असं छातीठोक सांगणाऱ्यांकडं जायचं असेल तर जरा चौकशी करून जा. बऱ्याचदा मागं शहरातला पगार असतो, आणि त्यात वाईट काही नाही, फक्त तो लपवला की शिकायला आलेल्याची फसगत होते.

जिवाची काळजी घ्यायच्या गोष्टीही आहेत. दगड उचलताना आधी पहारीनं उलटवा. खाली फुरसं असू शकतं. कडब्याच्या बनिमीत, म्हणजे रचलेल्या गंजीत, हात घालण्याआधी काठीनं ठोका. रात्री जमिनीवर झोपू नका, बाज मागून घ्या आणि मच्छरदाणी नीट खोचा, मण्यार रात्रीच फिरते. साप चावलाच तर आवळून बांधणं, कापणं, मांत्रिक यात वेळ घालवायचा नाही. हलू न देता थेट सरकारी दवाखाना. लस कुठल्या दवाखान्यात आहे ते पोचल्या दिवशीच विचारून ठेवा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊनच निघा. शिवाय हा पट्टा येडशी रामलिंग अभयारण्याला लागून आहे. 2024च्या अखेरीस यवतमाळकडच्या टिपेश्वरमधून चालत आलेला वाघ याच भागात दिसला होता. रोज वाघ भेटत नाही, पण रानडुकरं नक्की भेटतात. अंधारात एकट्यानं खाली उतरू नका आणि बॅटरी जवळ ठेवा.

कुसळी गवताबद्दल कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. हिवाळ्यात माळावर ते वाळलेलं असतं आणि त्याची कुसळं मोज्यात शिरतात, पीळ घेत घेत कातडीपर्यंत जातात. लोकरीचे आणि जाळीदार मोजे बाद. गुळगुळीत जाड कापडाची पँट, उंच बूट, आणि संध्याकाळी एक चिमटा घेऊन बसायची तयारी.

मुलींनी जायचं असेल तर आक्कांशी आधी स्वतः फोनवर बोलावं. न्हाणीला दार आहे का, कडी लागते का, झोपायची सोय कुठं, हे स्पष्ट विचारावं. या घरी सगळं नीट आहे. प्रत्येक घरी असेलच असं नाही.

जायचं कसं? सोलापूर बसस्थानकावरून वैरागमार्गे बार्शीची एसटी, साधारण 70 किलोमीटर. पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांनी लातूरकडं जाणारी गाडी धरून बार्शी टाऊनला उतरावं. कुर्डुवाडीहून येणारा हा मार्ग म्हणजे पूर्वीची बार्शी लाइट रेल्वे, 1897मध्ये सुरू झालेली नॅरोगेज. आता ब्रॉडगेज आहे. बार्शीतून पुढं पांगरीकडची एसटी किंवा वडाप म्हणजे खासगी प्रवासी जीप, आणि शेवटचा चढ पायी. सामान पाठीवर मावेल एवढंच आणा. चाकाची बॅग घेऊन आलेल्या एका पाहुण्याची गोष्ट तिथं अजून सांगतात.

पैसे द्यायचे का? अण्णा घेत नाहीत. पण तुमच्या जेवणाचा भार तर पडतोच, म्हणून बार्शीतून गूळ, चहापत्ती आणि थोडी बांधायची तार घेऊन जा. मिठाईच्या डब्यापेक्षा तारेचं स्वागत जास्त होतं. काही ठिकाणी रोजचे ठरावीक पैसे घेतात, तेही योग्यच आहे. मात्र पैसेही घ्यायचे आणि मजुरासारखं दिवसभर राबवायचंही, असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

मोबाइल सौरपॅनलवर चार्ज होतो. दुपारी बारा ते तीनमध्ये लावा. रात्री लावला तर घरातल्या दिव्याची बॅटरी उतरते. रेंज वरच्या धारेवर गेल्यावरच येते.

एप्रिल-मेमध्ये जाऊ नका. पारा 43-44ला जातो, टाकी तळाला असते, आणि तुमच्या वाट्याचं पाणी कुणाच्या तरी तोंडचं असतं. पाऊस लागला की रोपं लावायला माणसं हवी असतात, तेव्हा विचारा. फोन संध्याकाळी सातनंतर करा. दिवसा फोन खोपीत खुंटीला अडकवलेला असतो आणि माणूस रानात.