बाईंनी झाकलेले ‘वेन्ट’

आमच्या पिढीचे इंग्रजी पाचवीत सुरू होई. मराठी शाळांत ते पहिलीपासून आले २००० साली. त्यामुळे आठवीत काळ शिकायची वेळ आली तेव्हा या भाषेशी आमची ओळख अवघी तीन वर्षांची होती आणि अनियमित क्रियापदांची तर धास्तीच होती. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसले तेव्हा नौपाड्यातल्या त्या वर्गातला बाईंचा एकच तास डोळ्यांपुढे आला.

बाईंनी फळ्यावर ‘गो, वेन्ट, गॉन’ ही तिन्ही रूपे शेजारीशेजारी लिहिली होती. भविष्यकाळाचे वाक्य करायला त्यांनी मला उभे केले आणि मी ‘आय विल वेन्ट’ म्हणाले. बाई रागावल्या नाहीत. ‘मराठीत “मी उद्या गेलेन” असं म्हणशील का गं?’ एवढेच त्यांनी विचारले. ‘जा’चे भूतकाळात ‘गेले’ होते, भविष्यकाळात मात्र मूळचा ‘जा’च परत येतो आणि आपण ‘जाईन’ म्हणतो. रोज बोलत असूनही हे माझ्या ध्यानात आले ते त्या दिवशी. मग बाईंनी ‘वेन्ट’वर तळहात ठेवला आणि सांगितले, भविष्यकाळाच्या चारही प्रकारांत या रूपाचे काहीच काम नाही. साध्या भविष्यकाळात ‘विल गो’, चालू भविष्यकाळात ‘विल बी गोइंग’. क्रियापद कितीही अनियमित असले तरी इथपर्यंत ते ‘वॉक’ किंवा ‘प्ले’सारखेच सरळ चालते. त्यांनी हात काढला तेव्हा ‘वेन्ट’ अर्धे पुसले गेले होते.

तिसरे रूप पाठ असावे लागते ते पूर्ण भविष्यकाळासाठी, आणि बाईंनी सर्वांत जास्त वेळ तिथेच दिला. ‘बाय द टाइम वी रीच द स्टेशन, द ट्रेन विल हॅव गॉन’. आपण स्टेशनावर पोहोचू तोवर गाडी गेलेली असेल. शाळा सुटल्यावर गोखले रोडने धावत ठाणे स्टेशन गाठणाऱ्या आम्हा कळवा-मुंब्र्याच्या मुलींना या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. अडत होते ते निराळेच. मराठीत ‘पोहोचू’ म्हणतो म्हणून आम्ही ‘वी विल रीच’ लिहीत होतो, पण वेळ दाखवणाऱ्या त्या गौण वाक्यात इंग्रजी साधा वर्तमानकाळच घेते. शिवाय गाडी एकवचनी म्हणून अर्ध्या वर्गाने ‘विल हॅज गॉन’ लिहिले होते. ‘विल’पुढे कर्ता कोणताही असो, ‘हॅव’च येतो. ‘विल हॅव बीन गोइंग’ हा चौथा प्रकार त्यांनी दोन मिनिटांत उरकला आणि मला तो पुढे फारसा लागलाही नाही.

आज कळव्याला माझ्याकडे शिकवणीला मुले येतात. ‘राइट’, ‘टेक’, ‘ईट’ यांची तिन्ही रूपे फळ्यावर लिहून मीही मधल्यावर तळहात ठेवते, आणि तरीही कोणी ‘विल वेन्ट’ म्हणालेच, तर त्याला ‘मी उद्या गेलेन’ असे मोठ्याने म्हणायला लावते.