पुडीत काय आहे एवढंच विचारत होतो (आईचा फ्लू, काढा आणि पोटॅशियम)

आधीच सांगतो, मी काढ्याच्या विरोधात नाही. आमच्या घरी अडुळसा कुंडीत आहे, लहानपणी खोकला झाला की आजी त्याचीच पानं वाफवून मधात द्यायची (एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात देऊ नका, हे मला डॉक्टरनेच सांगितलं). माझा राग औषधावर नाही, त्या खाकी कागदाच्या पुडीवर आहे जिच्यावर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

जानेवारीत आईला ताप आला, १०२ च्या खाली उतरेचना. वय ६७, बीपीची गोळी बारा वर्षांपासून. नागपुरातल्या धंतोलीच्या फिजिशियनने घशाचा स्वॅब घेतला, इन्फ्लुएन्झा ए निघाला, ऑसेल्टामिविर ७५ दोन वेळा पाच दिवस, ताप चौथ्या दिवशी गेला. हे सगळं नीट झालं. फक्त एक लक्षात ठेवा, ही गोळी पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर जास्त फायदा, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला ताप आला तर "दोन दिवस पाहू" करू नका.

ताप गेला पण खोकला राहिला. फ्लूनंतर दोन-तीन आठवडे खोकला राहू शकतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मी रोज आईला विचारायचो आणि रोज वैतागायचो. डॉक्टरने अँब्रॉक्सोलचं सिरप आणि नेब्युलायझर दिलं. त्याच आठवड्यात मावशी जुन्या नागपुरातल्या एका वैद्यांकडून पुड्या घेऊन आली, एक पुडी दोन कप पाण्यात उकळून अर्धा कप करायची, सकाळ-संध्याकाळ. पुढच्या व्हिजिटला आईने डॉक्टरला नुसतं विचारलं की काढा चालेल का, तर त्यांनी वर न पाहताच "काढा-बिढा सगळं बंद" म्हटलं. का बंद ते सांगितलं नाही, आणि कोणता काढा हेही विचारलं नाही. आई तिथे मान हलवून आली आणि मी ऑफिसला गेलो की उकळून प्यायची. वर दिवसभर तोंडात ज्येष्ठमधाची काडी, घसा शेकतो म्हणून. हे सगळं आमच्या हिला माहीत होतं, मला नव्हतं. आईवर चिडायचा मला काही हक्क नाही, तिला कोणी नीट उत्तरच दिलं नव्हतं.

अडीच आठवड्यांनी आईच्या पायात रात्री गोळे यायला लागले, जिना चढताना मध्येच बसली. बीपी पाहिलं तर १७२/९८, गोळी वेळेवर घेऊनही. रक्त तपासलं, पोटॅशियम २.९. साडेतीनच्या खाली नको असतं. ईसीजी काढला, तो ठीक आला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

तेव्हा मात्र डॉक्टरने खुर्ची पुढे ओढून विचारलं, आई, खरं सांगा, आणखी काय घेऊन राहिल्या तुम्ही? आईने पर्समधून पुडी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टर रागावले नाहीत, हे त्यांचं मी मानतो. त्यांनी समजावलं की बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन आहे, ते लघवीवाटे पोटॅशियम काढतं, नेब्युलायझरच्या औषधानेही ते खाली जातं, जेवण कमी त्यामुळे पोटात जात नाही, आणि काढ्यात जर ज्येष्ठमध असेल तर त्यातलं ग्लायसिरायझिन मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला आणि पोटॅशियम सोडायला लावतं, बीपीही वाढतं. काडीतला एवढासा ज्येष्ठमध एकट्याने एवढं करेल असं वाटत नाही, काढ्यात किती आहे ते कळलं पाहिजे. म्हणाले, बीपी जास्त आणि पोटॅशियम कमी असं एकत्र दिसलं की आम्हाला मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीचं पाहावं लागतं, तिच्या हार्मोननेही असंच होतं, हार्मोनच्या तपासण्या, सीटी, सगळं. ज्येष्ठमध नक्की निघाला तर तो बंद करून दोन आठवडे थांबून पाहता येईल. तुम्ही फक्त पुडीत काय आहे ते लिहून आणा.

फक्त!

पहिल्या दिवशी वैद्यांकडे गेलो तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "भाऊ, सगळ्या वनस्पतीच आहेत, साइड इफेक्ट नाही राहत याचा." मी म्हटलं साइड इफेक्टचं नाही विचारत, नावं सांगा. तो म्हणे नावं महाराजच (म्हणजे वैद्य) सांगतात, महाराज आज गावाला. दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून गेलो, जगनाडे चौकात अर्धा तास अडकलो, पोचलो तर नंबर संपलेले. काउंटरवाल्याने आतून विचारून आल्यासारखं केलं आणि सांगितलं की फॉर्म्युला बाहेर देत नाहीत, लोक चोरतात. मी काय तिथे फॉर्म्युला चोरायला उभा होतो? माझी आई घरी पाय धरून बसली होती. तिसऱ्या दिवशी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन गेलो, लेटरहेडवर, सहीशिक्क्यासकट. वैद्यांनी स्वतः वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाले, "त्यांनी आमच्याकडे पेशंट पाठवताना कधी चिठ्ठी लिहिली नाही, आता आम्ही का लिहायचं?" दोन पॅथींचं जुनं भांडण त्यांच्यात असेल ते असो, माझ्या आईचा त्यात काय दोष? मी बाहेर येऊन गाडीवर बसलो आणि दहा मिनिटं गाडी सुरूच केली नाही.

मध्ये एका पॅथॉलॉजी लॅबमध्येही विचारलं, तिथे म्हणाले आम्ही रक्त-लघवी तपासतो, चूर्ण नाही. हे सगळ्यांनी लक्षात घ्या, पुडीतलं काय ते नेहमीच्या लॅबमध्ये कळत नाही, देणाऱ्याला विचारणं हाच सरळ मार्ग. दुकानात डबीत मिळणाऱ्या आयुर्वेदिक औषधावर घटक छापावेच लागतात, पण वैद्य स्वतःच्या पेशंटसाठी जे बनवून देतात त्याला १९४० च्या औषध कायद्यात लायसन्सचीही गरज नाही. वैद्यांना ही मोकळीक विश्वासावर दिली आहे असं मी मानतो, मग पेशंटने विचारल्यावर नाव सांगायला काय जातं? कोरोनात २०२० ला आयुष मंत्रालयानेच काढा सांगितला होता ना, तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, काळी मिरी एक, सगळ्या देशासमोर छापून दिला.

चौथ्या दिवशी सकाळी इतवारीत किराणा ओळीत एका जुन्या जडीबुटीवाल्याकडे पुडी उघडली. त्याने चिमूटभर जिभेला लावली, थांबला, "मुलेठी है भैया, मीठापन आखिर तक रहता है।" मुलेठी म्हणजे ज्येष्ठमधच. तिथून सरळ वैद्यांकडे. या वेळी मी काय काय आहे असं विचारलंच नाही. विचारलं, "महाराज, यात ज्येष्ठमध आहे का, निम्मा तरी?" तर ते लगेच म्हणाले, "निम्म्याला थोडा कमी. खोकल्याच्या काढ्यात ज्येष्ठमध नाही तर काय राहील?" आणि मग बोलता बोलता सगळंच सांगितलं, अडुळसा, भुईरिंगणी, पिंपळी, सुंठ, भारंगमूळ. मी त्याच पुडीच्या कागदावर लिहून घेतलं, त्यांनी वाचून बरोबर आहे म्हटलं. चार दिवस जे मिळालं नाही ते दोन मिनिटांत मिळालं. तुमच्यावर अशी वेळ आली तर एकेका वनस्पतीचं नाव घेऊन हो की नाही विचारा, बीपी किंवा हार्टचा पेशंट असेल तर ज्येष्ठमधापासून सुरुवात करा.

पुढचं लवकर झालं. काढा आणि काडी दोन्ही बंद, बीपीची गोळी बदलली, पोटॅशियमचं सिरप (ते भरपूर पाण्यात मिसळून जेवणानंतरच द्या, नुसतं दिलं की पोटात आग होते). दहाव्या दिवशी ४.१, बीपी १३८/८४. सीटीची गरज पडली नाही. डॉक्टर म्हणाले दोष एकट्या काढ्याचा नाही, चारही गोष्टी एकाच वेळी जमल्या. ते मला पटलं.

कागद पाहून त्यांनीच आणखी एक सांगितलं की ब्रोमहेक्सिन आणि अँब्रॉक्सोल ही औषधं अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच निघाली आहेत, आणि ऑसेल्टामिविर ज्या शिकिमिक ॲसिडपासून बनवतात ते चक्रफुलातून काढतात, आपल्या मटणाच्या मसाल्यात जातं तेच. म्हणून चक्रफूल उकळून फ्लू जाईल असं मात्र नाही, त्यातून गोळी होईपर्यंत बऱ्याच रासायनिक पायऱ्या आहेत. मला एवढंच वाटलं की हे पहिल्या व्हिजिटला बोलले असते तर आईने काढा लपवला नसता.

आईला काढा सोडवेना म्हणून मग सक्करदऱ्याच्या सरकारी आयुर्वेद कॉलेजच्या ओपीडीत नेलं. तिथल्या मॅडमनी नाडी धरायच्या आधी विचारलं, ॲलोपॅथीचं काय काय सुरू आहे, गोळ्या आणल्या का? ज्येष्ठमध वगळून दिलं आणि प्रत्येक नाव केसपेपरवर लिहिलं. तो कागद मी धंतोलीच्या फाइलला स्टेपल केला आहे.

मावशीकडे मात्र त्याच पुड्यांचा अर्धा डबा अजून आहे, आणि बीपी तिलाही आहे. फोनवर ऐकत नाही, "मला काही होत नाही रे" म्हणते. रविवारी आईलाच घेऊन जातो तिच्याकडे, आईचे दोन्ही रिपोर्ट सोबत.