पर्वतीच्या पायऱ्या आणि एक न दिलेले इंजेक्शन

त्या गुरुवारी सकाळी ट्यूमर बोर्डात, म्हणजे कर्करोगतज्ज्ञांच्या एकत्रित बैठकीत, गणिताच्या एका सरांच्या प्रोस्टेट कर्करोगाच्या केसवर जेमतेम पाच मिनिटे चर्चा झाली. वय 72, पीएसए (या कर्करोगात रक्तात वाढणारे प्रथिन) 11.4, ग्लिसन स्कोअर (पेशी किती आक्रमक दिसतात याचा आकडा) 4 अधिक 3, बायोप्सीच्या 12 तुकड्यांपैकी 7 तुकड्यांत कर्करोग, एमआरआयमध्ये गाठ प्रोस्टेटच्या आवरणाच्या आतच आणि आजाराचा प्रसार शोधणाऱ्या पीएसएमए पेट स्कॅनमध्ये हाडे व लसिकाग्रंथी स्वच्छ. म्हणजे आजार मध्यम जोखमीचा, पण त्यातल्या प्रतिकूल गटातला. रेडिएशनबरोबर सहा महिने हॉर्मोन थेरपी, म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन दाबणारे औषध, द्यावी, असे सर्वांचे मत पडले आणि रेडिएशनची डॉक्टर म्हणून मीही होकार दिला.

दुपारी सर ओपीडीत आले, तेव्हा मुलाच्या हातात थर्मोकोलचा डबा होता. हॉर्मोन थेरपीचे, तीन महिने पुरणारे ल्युप्रोलाइडचे इंजेक्शन त्यांनी केमिस्टकडून बर्फाच्या पिशव्यांसह बांधून आणले होते आणि ते त्याच दिवशी घेण्याची त्यांची तयारी होती. सर पुण्यात सहकारनगरला राहतात आणि आयुष्यभर त्यांनी गणित शिकवले आहे. तीन वर्षांचे पीएसए त्यांनी आलेख कागदावर ठिपक्यांनी मांडून आणले होते. कागद माझ्यापुढे ठेवून त्यांनी सरळ विचारले, "डॉक्टर, या सहा महिन्यांत माझ्या पदरात काय पडेल आणि माझ्याकडून काय जाईल?"

हा प्रश्न मला फार योग्य वाटतो, म्हणून मी सविस्तर उत्तर दिले. प्रोस्टेटचा कर्करोग टेस्टोस्टेरॉनवर पोसला जातो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवून दिले आणि त्याच कामासाठी त्यांना 1966 चे नोबेल मिळाले. आजार ग्रंथीबाहेर पसरू लागलेला असेल, तेव्हा रेडिएशनला हॉर्मोनची जोड द्यावी याविषयी फारसे दुमत नाही, कारण 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात तीन वर्षांच्या इंजेक्शनांमुळे पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण 62 टक्क्यांवरून 79 टक्क्यांवर गेले होते. सरांच्या गटात मात्र चित्र इतके ठळक नाही. वाढीव मात्रेच्या आधुनिक रेडिएशनबरोबर सहा महिने हॉर्मोन दिलेल्या आणि न दिलेल्या 1492 रुग्णांचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. आठ वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे 84 आणि 79 टक्के होते, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. आजार अन्यत्र पसरण्याचे आणि पीएसए पुन्हा वाढण्याचे प्रमाण मात्र हॉर्मोन घेतलेल्यांत निश्चितपणे कमी होते.

आता जाणाऱ्या गोष्टी. अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे वाटते, कामेच्छा जाते, स्नायू उतरतात, हाडे ठिसूळ होऊ लागतात, पोटावर चरबी चढते आणि मधुमेह असेल तर साखर आवरत नाही. सरांना मधुमेह होता आणि 2021 मध्ये त्यांच्या हृदयात एक स्टेंट बसवलेला होता. छातीत दुखते का, धाप लागते का, असे मी विचारले. सर "अजिबात नाही, रोज पर्वती चढतो," असे म्हणाले आणि मी केसपेपरवर "हृदय : सध्या तक्रार नाही" असे लिहून नर्सला इंजेक्शनची तयारी करायला सांगितले.

इतका वेळ सरांच्या पत्नी, काकू, एक शब्दही बोलल्या नव्हत्या. उठता उठता त्यांनी विचारले, "दोन महिन्यांपासून हे अर्ध्या पायऱ्यांवर बसतात, छाती चोळतात आणि मग वर जातात. ते या गाठीमुळेच होतंय का?" सरांना हे उघडपणे आवडले नाही. पर्वतीला 103 पायऱ्या आहेत आणि 72 व्या वर्षी कोणीही बसेल, असे ते म्हणाले. मी नर्सला थांबवले. मी फक्त रुग्णालाच विचारले होते आणि शेजारी बसलेल्या, रोज त्यांच्यासोबत चढणाऱ्या माणसाला विचारले नव्हते, ही माझी चूक मला आजही बोचते.

त्या क्षणी मला 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला, अवघ्या 206 रुग्णांचा एक अभ्यास आठवला. त्यात रेडिएशनला सहा महिने हॉर्मोनची जोड दिल्याने आयुष्य वाढले, पण ते ज्यांना दुसरा गंभीर आजार नव्हता त्यांचेच. हृदयविकारासारखे आजार असलेल्यांत तो लाभ दिसला नाही. गट लहान असल्याने त्यावर सगळा भार टाकता येत नाही, पण अर्ध्या पायऱ्यांवर छाती चोळणाऱ्या माणसासमोर तो दुर्लक्षिताही येत नाही.

सरांना त्याच संध्याकाळी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. अँजिओग्राफीत दुसऱ्याच रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला आणि तिथे नवा स्टेंट बसला. मध्यम जोखमीचा प्रोस्टेटचा कर्करोग काही आठवडे थांबू शकतो, हे मुलाला पटवायला मात्र मला तीनदा फोनवर बोलावे लागले.

केस पुन्हा बोर्डापुढे गेली, तेव्हा एका सहकाऱ्याने हॉर्मोन थेरपीचेच, पण वेगळ्या पद्धतीने काम करणारे डेगारेलिक्स हे औषध सुचवले, कारण या गटातली औषधे हृदयाला कमी त्रास देतात, असे मानले जाते. 2020 मध्ये याच गटातल्या रेलुगोलिक्सच्या गोळीबाबत तसे दिसलेही होते. पण 2021 मध्ये खास हृदयरुग्णांमध्ये डेगारेलिक्स आणि ल्युप्रोलाइडची तुलना झाली, तेव्हा फरक आढळला नाही, आणि तो अभ्यास मुदतीआधीच थांबवला गेला होता. नव्या स्टेंटनंतर इतक्या अनिश्चित आधारावर पाऊल टाकावे, असे मला वाटले नाही. सरांना दोन्ही बाजू पुन्हा मांडून सांगितल्या आणि हॉर्मोन न घेतल्यास पीएसए पुन्हा वाढण्याची शक्यता अधिक राहील, हेही लपवले नाही. त्यांनी काकूंकडे पाहिले आणि फक्त रेडिएशन घ्यायचे ठरवले. चार आठवड्यांत 20 बैठकींमध्ये 60 ग्रे मात्रा दिली. लघवीची जळजळ सोडली तर मोठा त्रास झाला नाही.

हॉर्मोनशिवाय पीएसए हळूहळू उतरतो, कधी मध्येच थोडा वर येतो, हे मी सरांना आधीच सांगून ठेवले होते. सहा महिन्यांनंतरचा आकडा 3.2 आला. सरांनी तो आलेखावर मांडला, आणि काकूंनी मी न विचारता सांगितले की आता ते पायऱ्यांवर बसत नाहीत.